खेळत्या माणसाचा दगड

आमच्या जुन्नरात फुटबॉल खेळणारे चौदा जण होते आणि फुटबॉल कळणारे चौदाशे. त्या चौदाशांतले सर्वांत जास्त कळणारे तिघे रोज संध्याकाळी आमच्या गिरणीत बसत, आणि त्या तिघांतले एक माझे वडील होते. गिरणी पुढे, घर मागे. दिवसभर पट्ट्याची फट्फट् आणि दगडांची घरघर अशी चाले की आम्ही भावंडं बोलायला लागलो ती ओरडूनच. आजही मला कुणी म्हणतं, बाई, जरा हळू बोला. संध्याकाळी शेवटचं दळण उतरलं की आप्पा पट्टा काढत, भुवयांवरचं पीठ उपरण्याने झटकत, आणि गिरणी गप्प होताच तिच्या जागी ही तीन तोंडं सुरू होत. आई आतून म्हणायची, "आली पंचायत. आता आपली पंचाईत."

आप्पा क्रीडा मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी आयुष्यात एकदाच चेंडूला पाय लावला, स्पर्धेच्या उद्घाटनाला, आणि तेव्हा चेंडूपेक्षा चप्पल लांब गेली. दुसरे देशमाने वकील. त्यांना खेळाचे सगळे नियम पाठ होते आणि खेळ मात्र कधी दिसला नव्हता, कारण मैदानातही ते नियमांचं पुस्तक उघडून बसत. तिसरे बाळूशेठ, कापडदुकानवाले. त्यांनी संघाला लाल बनियनं दिली होती, छातीवर गावाचं नाव बारीक आणि पाठीवर दुकानाचं नाव ठळक. पहिल्याच धुण्यात रंग उतरला आणि आमचा संघ पुढचा सगळा मोसम गुलाबी कपड्यांत खेळला. या तिघांना मंगळवारी आणि शनिवारी आईच्या हातची मासवडी लागायची. आई ओल्या फडक्यावर बेसन थापायची, त्यात तीळ, खोबरं, लसणाचं सारण भरून वळकटी करायची, दाबून माशाच्या आकाराची करून वड्या कापायची. काळा रस्सा, बाजरीची भाकरी. इतकं निगुतीचं जेवण इतक्या निरुपयोगी बोलण्यावर खर्च झालेलं मी नंतर कुठे पाहिलं नाही.

खूळ आणलं वकिलांनी. त्यांचे जावई परदेशात होते. तिकडे म्हणे थोर खेळाडूंसाठी एक मोठं दालन असतं, एकदा त्यात नाव लागलं की माणूस अमर. "आपल्या मंडळाचंही असं कीर्तिदालन हवं," वकील म्हणाले.

"दालन कुठनं आणायचं राव?" बाळूशेठ म्हणाले. "मैदानाकडंच्या खोलीला एक दगड बसवू. काळा, पॉलिशचा. दगड माझ्याकडनं."

"दात्याचं नाव वर येईल ना?" आप्पांनी विचारलं.

"ते तर येईलच की."

अशा रीतीने दगडावर पहिलं नाव ठरलं ते दगड देणाऱ्याचं. खाली कुणाचं टाकायचं, हा प्रश्न उरला. मंडळ काही फार जुनं नव्हतं. जे खेळ सोडून गेले होते ते एक तर पिंपरीच्या कंपनीत लागले होते, नाही तर पोट सुटून आडतीवर बसले होते; त्यांना अमर करावं असं त्यांच्या बायकांनाही वाटलं नसतं. म्हणजे नाव लावायचं तर अजून खेळत असलेल्या माणसाचंच. आणि खेळत्या माणसाला असा मान द्यावा का, यावर आमच्या गिरणीत महिनाभर जी चर्चा झाली ती ऐकून माझं चर्चेवरचंच मन उडालं.

"कारकीर्द संपल्याशिवाय मूल्यमापन करता येत नाही," वकील म्हणायचे. "उद्या तो खराब खेळला तर? दगड काय परत घ्यायचा?"

"आन् जित्त्या माणसाच्या नावाला हार घालायचा?" बाळूशेठ म्हणायचे. "वंगाळ दिसतं ते. त्याच्या म्हातारीला काय वाटंल?"

"मग काय कुणी मरायची वाट बघत बसायचं व्हय?" आप्पा.

मग एकेक नाव निघे आणि रश्श्यात बुडवून बाजूला ठेवलं जाई. गोली चांगला होता, पण तो बाळूशेठांच्या शेजारच्या कापडदुकानात कामाला होता, म्हणून त्याची उंची कमी पडली. डिंगोऱ्याहून सायकल मारत येणारा एक बॅक होता, कुणाला पुढे सरकू द्यायचा नाही. पण कांद्याच्या लागणीत तो एका सामन्याला आला नव्हता, तेव्हा त्याच्यात "निष्ठा न्हाई" असं ठरलं. निष्ठेचं हे माप लावणारे तिघंही पाऊस आला की सामना सोडून घरी जाणारे होते.

माझा भाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, अवसरीच्या कॉलेजात इंजिनियरिंग शिकतो. सुट्टीला आला की सोफ्यावर आडवा पडून फोनवर भांडत असतो. परवा विचारलं, काय चाललंय? तर म्हणाला, सध्या खेळणाऱ्यांपैकी कोण कोण अजरामर यादीत जायच्या लायकीचे आहेत, यावर ग्रुपमध्ये वाद आहे. दोघांनी त्यापायी बोलणं सोडलंय. ज्या खेळाडूंबद्दल ते भांडत होते त्यांना जुन्नर कुठल्या खंडात आहे हे माहीत नसेल. मी म्हटलं, तू शेवटचा चेंडू कधी मारलास? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विषयच बदलला.

तर, खरं नाव एकच होतं आणि ते कुणी घेत नव्हतं. रफिक. त्याच्या वडिलांची बेकरी पेठेत होती. त्याची बहीण नसीम माझ्याबरोबर कॉलेजात होती. रफिक संघाचा कॅप्टन, मधल्या फळीत खेळायचा. चेंडू त्याच्या पायात आला की बाकीचे एकवीस जण अचानक घाईत असल्यासारखे दिसायचे आणि तो एकटा निवांत. तो गरीब स्वभावाचा वगैरे अजिबात नव्हता. केसांना तेल, खिशात कंगवा, मैदानात उतरण्याआधी दोनदा भांग. आपल्यासारखा दुसरा नाही हे त्याला ठाऊक होतं आणि दुसऱ्यांना ठाऊक नसेल तर तो सांगायचा. एकदा सामना चालू असताना आप्पा रेषेवरून ओरडून सूचना देत होते, तेव्हा तो थांबून म्हणाला होता, "आप्पा, तुमी दळण बघा, खेळ आमी बघतो." सगळं मैदान हसलं. आप्पा ते विसरले नव्हते. शिवाय आप्पांना माझ्या थोरल्या भावाला, विलासदादाला, कॅप्टन करायचं होतं. दादा फॉरवर्ड होता, बरा खेळायचा, मेहनती. पण रफिक असेपर्यंत त्याला कुणी कॅप्टन म्हणालं नसतं, आणि रफिक एकतीस वर्षांचा होता, अजून बरीच वर्षं तो असणार होता.

तोडगाही वकिलांनीच काढला. मी भाकऱ्या घेऊन गिरणीत गेले होते. वकील बोट वर करून म्हणाले, "आपण असा नियम करू. खेळत्या माणसाचं नाव लावायला हरकत नाही. मात्र ज्याचं नाव दगडावर, त्यानं त्या दिवसापासून मैदान नव्या पोरांसाठी मोकळं करायचं. म्हणजे मानही राहिला आणि कारकीर्दही संपली. दोन्ही आक्षेप दूर."

आप्पांचा घास हातातच राहिला. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडताना मी डोळ्यांनी पाहिला.

"मग रफिकच की," आप्पा म्हणाले. "त्याच्याइतका लायक कोण हाय?"

"कुणीच न्हाई राव," बाळूशेठ म्हणाले. "लई मोठा खेळाडू."

ज्यांनी महिनाभर त्या पोराचं नाव जिभेवर येऊ दिलं नव्हतं, ते आता एकमेकांच्या तोंडातून त्याचं कौतुक काढून घ्यायला लागले. त्याचा पास, त्याची नजर, त्याचा दम. सगळं खरं होतं. इतकं खरं मी त्या गिरणीत पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते सगळं त्याला हाकलण्यासाठी होतं. नियम आधी सांगायचा नाही असं ठरलं. शाल अंगावर पडली, टाळ्या वाजल्या की व्यासपीठावरून सांगायचा. चारचौघांत तो काय नाही म्हणणार? मग आप्पा माझ्याकडे वळले. "तुझं मराठी चांगलं हाय. मानपत्र तू लिही. त्याच्या घरी जाऊन दोन गोष्टी इचारून घे."

दादा मागच्या पायरीवर बूट पुसत बसला होता. मी विचारलं, "तुला माहितीय हे?"

"आप्पा म्हणालं, पुढच्या स्पर्धेला तू कॅप्टन."

"आणि रफिकभाई?"

"त्याचा सत्कार हाय ना," तो म्हणाला आणि पुसलेलाच बूट परत पुसायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. दादा वाईट नव्हता. आप्पांपुढे त्याला आवाज नव्हता, इतकंच. आणि गिरणीच्या घरात आवाज नसणं म्हणजे काय ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बेकरीत गेले. मागच्या अंगणात खारीचा वास भरलेला, नसीमने माझ्यापुढे बशीत नानकटाई ठेवली. रफिक पाटावर बसून खुशीत सांगत होता, लहानपणी चिंध्यांचा चेंडू, पहिला गोल, असं सगळं. मानपत्रात घालायच्या गोष्टी. भांग पाडलेला होता. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "रफिकभाई, थांबा. तुम्हाला शाल देऊन घरी बसवणार आहेत," आणि ऐकलेलं सगळं सांगून टाकलं. नियम, व्यासपीठ, दादा.

नसीमने तोंडावर हात घेतला. रफिक हसेल, काहीतरी टोला हाणेल असं मला वाटलं होतं. त्याने खिशातला कंगवा काढला आणि तसाच परत ठेवला.

"एकतीस म्हंजे काय म्हातारा व्हय मी?" तो म्हणाला. मग भट्टीकडे मान करून, "इथं मी अब्बाचा पोरगा. पेठेत बेकरीवाला. त्या मैदानात तेवढा मी रफिक असतो. ते बी काढून घेणार?"

"मग नाही म्हणा ना भाईजान," नसीम म्हणाली. "जाऊच नका सत्काराला."

तो उठला, अंगणात इकडून तिकडे दोन चकरा मारल्या. चेहरा हळूहळू नेहमीसारखा झाला. "जाणार," तो म्हणाला. "का न्हाई जायचं? मान देतायत, घेतो की. तू मानपत्र झकास लिही. आन् शाल कसली हाय तेवढं बघ. बाळूशेठ सिंथेटिक खपवंल."

मी मानपत्र मन लावून लिहिलं. आजवर जे काही लिहिलं त्यात ते सर्वांत प्रामाणिक होतं. शेवटच्या ओळीत 'यापुढेही असेच खेळत राहावे' असं लिहिलं होतं. आप्पांनी चष्मा लावून वाचलं, ती ओळ खोडली आणि 'यापुढे आरोग्यसंपन्न दीर्घायुष्य लाभावे' असं घातलं. एकतीस वर्षांच्या माणसाला.

सत्काराला मैदान भरलं होतं. कर्णा, हार, नारळ, व्यासपीठावर सतरंजी. दगडावरचं फडकं ओढलं तेव्हा वर बाळूशेठांचं नाव, खाली रफिकचं. शाल सिंथेटिकच होती. मी मानपत्र वाचलं. टाळ्या ओसरायच्या आत आप्पांनी माईक घेतला, मैदान नव्या पोरांसाठी मोकळं करण्याच्या थोर परंपरेबद्दल बोलले (परंपरा दोन आठवड्यांची होती) आणि रफिकभाऊ आजपासून सन्मानाने निवृत्त होत आहेत असं जाहीर केलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पुढच्या रांगेत दादा मान खाली घालून बसला होता.

रफिकने शाल नीट घडी करून खांद्यावर टाकली आणि माईकजवळ आला. "मंडळाचे लई उपकार," तो म्हणाला. "मला आजपासनं निवृत्त केलंय. मंडळातनं. खेळातनं न्हाई." एवढं बोलून, नारळ काखेत मारून, तो पायऱ्या उतरून गेला. मागून कुणीतरी शिट्टी मारली, मग बऱ्याच जणांनी मारली. आप्पा माईक हातात धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तू सांगितलंस?"

"हो."

"बापाच्या विरोधात?"

"तुम्हीच म्हणालात, घरी जाऊन दोन गोष्टी विचारून घे. विचारल्या तशा सांगितल्याही."

त्या दिवसापासून आप्पांनी माझ्याशी बोलणं सोडलं. माझ्यासाठीचे निरोप आईमार्फत येत. "तिला म्हणावं, गिरणीतलं फडकं धुवायला घे." मी शेजारीच उभी असे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या मंडळाची स्पर्धा होती. घोडेगावचा संघ दरवर्षी यायचा आणि दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरून, वडापाव खाऊन, दुपारच्या एसटीने परत जायचा. त्या वर्षी ते एसटीतून उतरले तर त्यांच्यात रफिक होता. वकील पुस्तक घेऊन धावले. या खेळाडूचं नाव गौरवाच्या दगडावर आहे, सबब तो खेळू शकत नाही. घोडेगावचा मॅनेजर पंचायत समितीत शिपाई होता, शांत माणूस. तो म्हणाला, "वकीलसाहेब, नियम तुमच्या दगडाचा. आमच्याकडं दगडच न्हाई." रेफ्री मंचरचा होता, त्याने वकिलांना रेषेबाहेर जायला सांगितलं.

घोडेगाव त्या वर्षी वडापाव खायला थांबलंच नाही. एकेक सामना जिंकत ते अंतिम फेरीत आले आणि समोर आम्ही. दादा कॅप्टन. आणि खोटं कशाला सांगू, दादा त्या दिवशी जसा खेळला तसा पूर्वी कधी खेळला नव्हता. तो धावत सुटायचा आणि रफिक कुठूनतरी येऊन चेंडू काढून घ्यायचा, पुन्हा दादा उठायचा, पुन्हा धावायचा. दोघांचं जणू एक वेगळंच बोलणं चाललं होतं. शेवटी शेवटी दादाच्या पोटरीत गोळा आला आणि तो आडवा पडला. रफिकने चेंडू बाहेर मारला, गुडघ्यावर बसला आणि दादाचा पाय खांद्याला लावून ताणून धरला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. दादा उठला, लंगडत पुन्हा खेळायला लागला. त्यानंतर रफिकने मधूनच एक लांब पास टाकला, घोडेगावच्या एका पोराच्या पुढ्यात, अगदी ताटात वाढल्यासारखा. गोल. त्यावरच सामना संपला.

हरलो आम्ही, पण सगळं जुन्नर टाळ्या वाजवत होतं. खुर्चीवर आप्पा, चहूकडून टाळ्या, आणि त्यांचे हात मांडीवर.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे वकील आणि बाळूशेठ गिरणीत आले. शनिवार होता. आई पदर खोचून दारात गेली आणि म्हणाली, "आज चूल पेटली न्हाई. घरी जाऊन जेवा." आत परातीत बेसन भिजवलेलं होतं; त्याची मासवडी आम्हीच खाल्ली. जेवताना आप्पा दादाला म्हणाले, "कॅप्टन तू व्हतास. तुला रोखता आलं न्हाई त्याला?"

दादाने भाकरी खाली ठेवली. "मला कॅप्टन तुमी केलं आप्पा. चेंडूनं न्हाई केलं." आणि मग, "पुढच्या साली मी त्याच्या हाताखाली खेळणार. तो इथं आला तर इथं, न्हाईतर घोडेगावला." आयुष्यात पहिल्यांदा दादा आप्पांपुढे बोलला, तेही न ओरडता, आणि तरी ऐकू आला. आप्पा हात धुऊन गिरणीत जाऊन बसले, एकटेच.

पंचायत मात्र थोड्याच दिवसांत पुन्हा भरली, कारण नवा विषय मिळाला होता. दुसऱ्या गावाकडून खेळणाऱ्याचं नाव आपल्या दगडावर ठेवायचं का? खेळत्या माणसाचं नाव लावावं का यावर जेवढी चर्चा झाली होती, तेवढीच आता ते काढावं का यावर झाली. गिरणीच्या दगडांना टाकी लावायला येणारा पाथरवट बोलावला. तो म्हणाला, अक्षरं खोल आहेत, काढायची तर खड्डा पडेल आणि खड्डा बघून लोक आधी विचारतील इथं कुणाचं नाव होतं. शिवाय वरच्या बाळूशेठांच्या नावाला तडा जायची भीती. हे शेवटचं कारण निर्णायक ठरलं. सरतेशेवटी वकिलांनी सुचवलं की नावापुढे कंसात 'घोडेगाव' असं कोरावं, म्हणजे आपला संबंध उरत नाही. तसं कोरलं. आजही ते तसंच आहे. जुन्नरच्या गौरवाच्या दगडावर एकच खेळाडू, तोही कंसात घोडेगावचा. घोडेगावची पोरं शिवनेरी बघायला आली की त्या दगडापाशी उभं राहून फोटो काढतात. आमच्यातल्या कुणाला त्यानंतर कितीदा मान देऊ केला, पण सगळ्यांनी हात जोडले. आम्हाला अजून खेळायचंय म्हणाले.

आप्पा माझ्याशी पुन्हा बोलले ते पावसाळा सरता सरता. मी पीठ चाळत होते. ते पट्टा चढवता चढवता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल मंचरला घोडेगाव जिंकलं." मी म्हटलं, "हो का?" "दोन गोल. दोन्ही त्याच्याच पासवर." मग गिरणी सुरू झाली आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. पुढे ते असंच सांगत राहिले, दर सामन्याला. तक्रार होती की कौतुक, ते मला कळलं नाही, आणि त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. दादा दोन वर्षं घोडेगावला जाऊन खेळला. आई त्याला डब्यात मासवडी द्यायची, दोघांना पुरेल एवढी.

मागच्या वर्षी जुन्नरला गेले होते तेव्हा रफिकभाई बेकरीच्या बाकावर बसले होते. केस पांढरे, भांग मात्र जागच्या जागी. गुडघा कामातून गेलाय. मी विचारलं, "तुम्ही जन्मलात इथे, वाढलात इथे, आणि दगडावर घोडेगावचे. कधी वाईट नाही वाटलं?"

"छ्या," ते म्हणाले. "घोडेगावात मी गुडघा जाईस्तोवर खेळलो. तिथं कुणी एकदा बी माझा सत्कार केला न्हाई. लई चांगली माणसं."